आरशातला मनोरा

चिमट्यात धरलेला पितळी तारेचा तुकडा जागेवर टेकवताना घड्याळजींनी श्वास रोखला, तशी दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनेही हातातली कपबशी वाजू दिली नाही. त्यांनी श्वास धरला की घरातल्या बाकीच्यांनी पुतळा व्हायचं, हा या घरचा जुना कायदा. मागे एकदा तिला ऐन वेळी शिंक आली होती आणि त्यांनी बनवलेल्या एका इवल्या यानाचा अँटेना उडून गेला होता. तो पुढे कधीतरी तिच्याच चपलेत सापडला.

"बसला," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "संपलं गं. हा शेवटचा कठडा."

तिने कपबशी टेबलाच्या कडेला ठेवली. उडण्याआधी रॉकेट ज्याच्या आधाराने उभं राहतं त्या लोखंडी मनोऱ्याची प्रतिकृती टेबलावर उभी होती. जिने, कठडे, नळ, लिफ्टचा पिंजरा, रॉकेटला इंधन पाजणारे लांब हात. पायऱ्या तर कापलेल्या नखाएवढ्या. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून घड्याळजींनी स्वतःला या मनोऱ्यात गाडून घेतलं होतं. शेजारी पांढरंशुभ्र रॉकेट उभं होतं, अजून एकही अक्षर न लिहिलेलं. अक्षरं तिने लिहायची होती. घरातली वाटणीच तशी होती, स्क्रू त्यांचे आणि अक्षरं तिची.

कारण तिचा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला होता. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, आणि ती अक्षरं सगळी उलटी, आरशात दिसावीत तशी. छापखान्यात तिला खिळेबाईच म्हणत. घड्याळजीही लाडात आले की तेच म्हणत.

"या वेळी कप्तानाने धागा बांधून दाखवावाच," ते म्हणाले.

प्रतिकृती मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाची ही एक रीत होती. दारात प्रत्येकाच्या हातात लाल धाग्याचा तुकडा देत. मूळ वस्तूशी जे जुळत नाही ते दिसलं की बघणाऱ्याने तिथे आपला धागा बांधायचा. संध्याकाळची घंटा होईपर्यंत जिच्यावर एकही धागा नाही ती प्रतिकृती 'कोरी'. कोरेपणापुढे तिथे बाकी बक्षिसांना कुणी विचारत नसे. घड्याळजींचं काम सगळे वाखाणत, पण त्यांचं एकही काम आजवर कोरं राहिलं नव्हतं. जहाजांच्या प्रतिकृती करणारा कप्तान दर वर्षी कुठे ना कुठे बोट ठेवायचाच. तो खऱ्या बोटीत फक्त तिकीट काढून बसलेला माणूस, पण रुबाबामुळे त्याला हे नाव चिकटलं होतं. धागा बांधताना तो "वाईट वाटून घेऊ नका" म्हणायचा, आणि घड्याळजींना नेमकं तेच वाईट वाटायचं.

त्याच दुपारी प्रदर्शनाचं पत्रक घरी आलं. छापलेला कागद हातात आला की आधी चुका शोधायच्या, ही तिची जुनी खोड. पत्रकात एक काना राहिला होता. त्यावर नाक मुरडून तिने पुढे चित्र पाहिलं. प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या त्या निवृत्त इंजिनीअरबाई खऱ्या मनोऱ्यापुढे उभ्या होत्या. त्यांचा उमेदीचा काळ त्या मनोऱ्यावर गेला होता. मनोऱ्याचा जिना डावीकडे होता.

तिने मान वर केली. टेबलावरच्या मनोऱ्याचा जिना उजवीकडे होता.

छापणाऱ्यांनीच चित्र उलटं छापलं असेल, असं तिला आधी वाटलं. पण चित्रातल्या रॉकेटवरची अक्षरं सरळ होती. ती उठली आणि भिंतीवरच्या मोठ्या छायाचित्रापाशी गेली. सगळा मनोरा त्यावरूनच उभा राहिला होता. बाकीचे फोटो लांबून काढलेले, धुरकट. या छायाचित्रात रॉकेट नव्हतं, नुसता मनोरा होता, आणि जिन्याच्या पायथ्याशी एक चिमुकली पाटी. काम सुरू झालं तेव्हा घड्याळजींनी तिला विचारलं होतं, काय लिहिलंय गं तिथे? तिने भिंगातून बघून झटकन सांगितलं होतं, 'पायऱ्यांवर धावू नये'.

आज तिने तीच पाटी एकेक अक्षर करून पाहिली, नव्या मुलीला शिकवताना बघायची तशी.

"अहो."

"हं?"

"हा फोटो उलटा आहे."

घड्याळजी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. त्यांनी पत्रक घेतलं, छायाचित्रापाशी नेलं, मनोऱ्यापाशी आणलं, पुन्हा छायाचित्रापाशी नेलं. फोटो मोठा करताना कुणीतरी फिल्म उलटी घातली होती. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं झालं होतं, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत.

"पण तू तर वाचलं होतंस," ते म्हणाले.

"वाचलं ना. तिथेच तर घोळ झाला." तिचा आवाज चिरकला. "मला उलटं काय आणि सुलटं काय. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वाचता येत नाही."

ते तिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातली जुनी चादर काढली आणि मनोऱ्यावर टाकली.

"मंडळात कळवून टाक. या वर्षी आमचं काही नाही म्हणावं."

तिने कळवलं नाही. ते मात्र त्या खोलीत पाऊल टाकेनात. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ खोललं. ते वर्षानुवर्षं ठाकठीक चालत होतं. त्यांनी ते पुसलं, जोडलं, पुन्हा खोललं. जेवताना ते मीठ मागायलासुद्धा तोंड उघडत नव्हते. आपल्या अंगात जी एक कला आहे तिनेच आपल्या माणसाचं घर बुडवलं, हे तिला गिळवत नव्हतं.

एका सकाळी ती त्या खोलीतल्या कपाटाच्या आरशापुढे केस विंचरत होती. आरशात पाठीमागचं टेबल दिसत होतं, आणि टेबलावर चादरीचा तो उंच ढिगारा. केसात कंगवा तसाच ठेवून ती थबकली. छापखान्यात नव्या मुलीला उलटी ओळ वाचता आली नाही की ती तिच्या हातात काय द्यायची?

तिने जाऊन चादर ओढली आणि परत आरशाकडे वळली. मग घड्याळजींच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

खडखड ऐकून घड्याळजी दारात आले. कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं.

"काय चाललंय हे?"

"आरसा काढतेय."

"कशाला?"

"तुमचा मनोरा सरळ करायला. जरा धरता का, की बघतच उभं राहायचंय?"

त्यांनी धरलं. दार भिंतीला टेकवून उभं केलं, आणि मग त्यांचं आरशाकडे लक्ष गेलं. जिना डावीकडे. लिफ्ट उजवीकडे. लांब हात जिथून यायला हवेत तिथून आलेले. ते हळूहळू खाली वाकले, उठले, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. किती तरी वेळाने त्यांनी खिशातून पत्रक काढून आरशाशेजारी धरलं. ते अजून खिशातच होतं.

"आणि रॉकेट?" ते म्हणाले. आवाजात आशा होती आणि त्या आशेचीच भीतीही. "त्यावर अक्षरं आहेत. ती आरशात उलटी पडतील."

ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, मी जन्मभर दुसरं काय केलं?"

घड्याळजी खो खो हसले. मनोऱ्यावर चादर पडल्यापासून पहिल्यांदाच.

तिने रॉकेटवर उलटी अक्षरं रंगवली. एका केसाचा ब्रश, काळा रंग, आणि वरून खाली उतरणारं रॉकेटचं नाव, 'झेप'. जिन्याशी ती पाटीही रंगवली, फोटोत होती तशीच उलटी. या वेळी पुतळा व्हायची पाळी घड्याळजींची होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी तिला पातळ रंग आणायला दुकानात पिटाळलं. घरात बाटलीभर पातळ रंग पडला होता, हे तिला ठाऊक होतं. तरी ती गेली.

प्रदर्शनात सगळ्या प्रतिकृतींची तोंडं लोकांकडे होती आणि एकट्या मनोऱ्याची पाठ. त्याच्यापुढे कपाटाचा आरसा उभा, आणि खाली घड्याळजींच्या हातची चिठ्ठी: 'हा मनोरा आरशात पाहावा. का ते विचारल्यास सांगू.' लोक विचारत होते आणि घड्याळजी काहीही न लपवता सांगत होते, उलट्या फोटोपासून सगळं. ऐकून लोक हसत, आणि मग आरशापुढे वाकून बघत.

कप्तान आला तो हातात धागा घेऊनच. त्याने आरशात वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि चेहरा खुलला.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण तो मधला कठडा वाकडा झालाय."

"फोटोत तसाच आहे," घड्याळजी म्हणाले.

"फोटोवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच आत्ता सांगत होतात की."

कप्तानाने धाग्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. तिला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात काठी टेकत इंजिनीअरबाई गर्दीतून पुढे आल्या आणि आरशापुढे उभ्या राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि हवेतच एका न दिसणाऱ्या कठड्यावरून घसरत वर गेला.

"हा वाकडाच होता," त्या म्हणाल्या. "क्रेन आदळली होती. मी तक्रार करून करून थकले, कुणी सरळ केला नाही. शेवटी सवय झाली, अंधारातही हाताला तो बाक लागला की कळायचं, अर्धं चढून झालं." त्या घड्याळजींकडे वळल्या. "तुम्ही तो सरळ केला असता, तर मीच धागा बांधला असता."

कप्तानाने धागा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, आणि खिशात टाकला. मग खरोखर टोपी काढली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त डोळे फार चांगले होते.

त्यानंतर सगळी गर्दी दोन्ही बाजूंनी आरशाशीच लोटली. ती मात्र बाजूला सरकत सरकत पाठीमागे आली, जिथे आता कुणीच नव्हतं. इथून मनोऱ्याची मागची बाजू दिसत होती, आरशात न उमटणारी. तिथे पायथ्याशी, आधी कधी नव्हती अशी, एक करड्या रंगाची चिमुकली पाटी होती. दुसऱ्या कुणाला ती नुसती वेडीवाकडी रेघ वाटली असती. तिने ती एका नजरेत वाचली.

'खिळेबाई'. उलट्या अक्षरांत, घड्याळजींच्या नवख्या हाताने.

आणि ळ चुकला होता. बाकी सगळं उलटवताना तेवढा एक सरळच राहिला होता. नवशिक्याची गल्लत नेहमी त्याच अक्षराशी होते, कारण तो दोन्हीकडून सारखाच वाटतो. छापखान्यात तिने अशी चूक कुणाची म्हणून खपवून घेतली नव्हती. शिवाय खऱ्या मनोऱ्यावर अशी पाटी असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे एकाच जागी दोन चुका, आणि सबंध दालनात त्या दिसणारी ती एकटी.

दारात मिळालेला लाल धागा तिच्या मुठीत घामाने ओला झाला होता. आरशाजवळच्या गर्दीतून घड्याळजी मान उंचावून तिला शोधत होते. तिने अंबाडा सैल झाल्यासारखं केलं, हात मागे नेले, आणि तो धागा केसांना घट्ट बांधून टाकला.

मग घंटा झाली.