राणीचं माहेर

मी एक पुस्तक बोलतोय. तेही इंग्रजी पुस्तक. मग एवढं मराठी कुठून शिकलास, असं तुम्ही विचारणारच. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्या छापखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतं ते खोक्यातून बाहेर काढल्यावरचं पहिलं ऊन. ओहायोतल्या डब्लिन नावाच्या गावचं ते वाचनालय. मुखपृष्ठावर मुकुट घातलेली एक लहान मुलगी आणि पोटात तिची सगळी कहाणी. मार्गारेट तिचं नाव. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाची थोरली लेक, लग्न होऊन स्कॉटलंडची राणी झालेली.

वाचनालयात मला अगदी मागच्या कपाटात जागा मिळाली. शेजारी लढायांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्याला सारखी मागणी. तो आठ-आठ दिवस बाहेर राहून यायचा आणि बढाया मारायचा. मला मात्र वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही. एकदा एक आजोबा घेऊन गेले, पण त्यांना दुसरीच कुठली तरी मार्गारेट हवी होती. दोन दिवसांत आणून दिलं. असा अपमान गिळायला पुस्तकाची जात लागते.

दोन हजार एकच्या उन्हाळ्याच्या शेवटी मीनाक्षी आली.

ती चालत आली होती. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि त्या गावात चालत येणारं माणूस लोक वळून बघतात. माहेर कराडचं, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. नवरा निमिष पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. म्हणून दिवसभर ती अपार्टमेंटच्या खिडकीतून गाड्यांचा तळ बघत बसायची. त्यात तिला दिवस गेलेले.

तिच्या आईनं, अहिल्याबाईंनी, फोनवर बजावलं होतं, "चांगलं काहीतरी वाच. मोठ्यानं वाच. पोटातलं पोर ऐकतं." पण बॅगेचं वजन भरलं म्हणून मराठी पुस्तकं कराडलाच राहिली होती. सोबत आलं होतं फक्त एक पाककृतींचं. आता बाळाला काय अळूच्या फतफत्याची कृती वाचून दाखवायची? माझ्या मुखपृष्ठावरचा मुकुट तिला दिसला. "राणीची गोष्ट आहे, चालेल," असं स्वतःशीच म्हणून तिनं मला उचललं. मला दुसरं कोणी मागत नव्हतंच, त्यामुळे पुढे मुदत वाढत राहिली.

ती माझं एक वाक्य मनात वाचायची, आणि मग पोटावर हात ठेवून तेच मराठीत मोठ्यानं म्हणायची. असा मी मराठी शिकलो. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. माझ्यातल्या किल्ल्याचा गड झाला, सरदारांचे मानकरी झाले. पण खरं सांगतो, इतकी वर्षं मी जे पोटात घेऊन बसलो होतो, ते मलाही तेव्हाच नीट कळलं.

शनिवारी सकाळी ती कराडला फोन लावायची. तिकडे संध्याकाळ असायची. फोनसाठी विकत घेतलेल्या कार्डावरचा लांबलचक नंबर दाबायचा, फोन स्पीकरवर टाकायचा आणि मला उघडून मांडीवर घ्यायचं. आठवडाभर बाळाला सांगितलेली गोष्ट मग आईला.

"अकरा वर्षांची होती गं लग्नात. नवरा दहाचा."

"माझ्या आजेसासूबाईंचं तसंच," अहिल्याबाई म्हणायच्या. "मग? नांदायला कधी गेली?"

"लगेच. एडिंबरोच्या गडावर नेऊन ठेवली. आजूबाजूला झाड नाही, झुडूप नाही, समुद्राकडचा गार वारा. आणि नवऱ्याला नीट भेटूही देत नव्हते मानकरी."

"आणि तिची आई काय करत होती?"

"तिनं वैद्य पाठवला. तो म्हणाला, पोर पांढरीफटक पडलीये."

मग अहिल्याबाईंनी विचारलं, "तू जेवतेस ना वेळेवर?"

मीनाक्षीच्या मनात एकच होतं. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हावं. पण त्याच सुमारास निमिषच्या ऑफिसात माणसं कमी करायला सुरुवात झाली. त्याची नोकरी गेली. दुसरी कशीबशी मिळाली, पण कागद अडकून पडले. सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर तर व्हिसाचं सगळंच अवघड होऊन बसलं होतं.

"मिनू, आत्ता बाहेर पडलीस तर परत एंट्री मिळेल याची गॅरंटी नाही," निमिष म्हणाला. "पेपर्स पेंडिंग आहेत. मी काय करू, सांग ना यार."

तिनं आईला सांगितलं, तर आई नवऱ्याहून ठाम. "तू मुळीच येऊ नकोस. मीच येते तिकडं. तुझे बाबा पासपोर्टाच्या मागं आहेत." मीनाक्षीला बरं वाटलं. तिनं आईसाठी पांघरुणंसुद्धा आणून ठेवली, कारण आईला थंडी सोसत नाही.

दिवाळीच्या आसपास आम्ही त्या प्रसंगापाशी आलो. राणीचे आईबाप तिला भेटायला दोन्ही राज्यांच्या सीमेपर्यंत आले. तिथं तिची आई आजारी पडली. आई बरी होईपर्यंत लेकीला तिच्यापाशी राहायची परवानगी मिळाली, पण नंतर तिला परत पाठवू, असं तिच्या वडिलांना लिहून द्यावं लागलं.

"राहू दिलं आजारी आईपाशी?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"बरी झाली ना ती?"

"झाली."

"मग पोर परत गेली असेल."

"जावंच लागलं."

"बरोबर आहे. आपल्या घरी जावंच," अहिल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी फार बारीक येत होता. मीनाक्षीला वाटलं, लाइन खराब आहे. मग त्यांनी विचारलं, "शेवट चांगला आहे ना गं हिचा?"

मीनाक्षीनं शेवटचं प्रकरण वाचलं नव्हतं. पण प्रकरणाचं नाव वाचलं होतं, आणि त्यावरून काय ते कळत होतं. पोटुशीनं मरणाचं वाचू नये म्हणून तिनं ती पानं तशीच ठेवली होती. "चांगला आहे, आई," ती म्हणाली. "तू आलीस की वाचून दाखवीन."

त्यानंतर काही दिवसांनी मीनाक्षी शेजारणीबरोबर डॉक्टरकडे गेलेली असताना फोन वाजला. निमिष घरी होता. मी फोनशेजारीच पालथा पडलो होतो.

"बोला बाबा," तो म्हणाला, आणि ऐकत राहिला. "कधी?" असं विचारलं. मग म्हणाला, "नाही, नाही सांगत तिला. डॉक्टरही म्हणालेत, तिचं बीपी वाढतंय. बाळ होईपर्यंत नाही सांगत." फोन ठेवून त्यानं तळहात माझ्यावर टेकला आणि रडला. पलीकडचा आवाज मलाही पुसट ऐकू आला होता, तेव्हा मला सगळं समजलं. अहिल्याबाई गेल्या होत्या. गणपतीपासून त्या आजारी होत्या. पासपोर्ट वगैरे काही नव्हतंच. लेक सगळं सोडून धावत येईल, तिचं परतणं अडेल, म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यांना शपथ घातली होती.

मीनाक्षी आल्यावर निमिष म्हणाला की डोकं दुखतंय.

मी काय करू शकत होतो? आमच्या जातीला शब्द पुष्कळ, पण तोंड नाही. त्यात दुसऱ्याचे छापलेले शब्द. ती मला मांडीवर घेऊन बसायची, तेव्हा आपण मिटलेलंच राहावं असं वाटायचं.

पुढच्या शनिवारी फोन राजारामपंतांनी घेतला. मीनाक्षीचे बाबा. म्हणाले, "आईचा घसा बसलाय, बोलवत नाहीये." त्याच्या पुढच्या शनिवारी आई कीर्तनाला गेली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी झोपली होती. मीनाक्षी मग बाबांनाच गोष्ट सांगू लागली.

"बाबा, आईला एवढं सांगा. राणी माहेरी आली होती ना, तेव्हा तिला कितवा महिना आहे ते तिनं कुणाला कळूच दिलं नाही. उशीर झाला, मग प्रवास कसा करणार? विंडसरला, आईपाशीच बाळंत झाली. मुलगी झाली."

"सांगतो, बाळ."

"हसेल आई."

"हो," राजारामपंत म्हणाले. "हसेल."

मीनाक्षीला काहीच संशय आला नव्हता का? मला वाटतं, आला होता. कारण नंतरनंतर तिनं 'आई कुठंय' हे विचारणंच सोडून दिलं. माझं शेवटचं प्रकरण ती जशी टाळायची, तसंच. दिवसा ती डिंकाचे लाडू करायची, स्वतःच स्वतःसाठी. एकदा हळदीच्या हातानं तिनं मला उघडलं आणि विंडसरच्या पानावर पिवळा अंगठा उमटला. पुसायला गेली तर आणखी पसरला.

फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, अनिका जन्मली. राणीचीही लेक फेब्रुवारीतच झाली होती. पण इथं बाळंतिणीपाशी आई नव्हती.

दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी निमिषनं तिला सांगितलं. बाळ मांडीवर होतं. ती मोठ्यानं रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तिला निरोप पाठवत होते रे." मग तिनं बाळाला निमिषकडे दिलं, मला उचललं, फोनचं संपलेलं कार्ड शेवटच्या प्रकरणात खूण म्हणून घातलं आणि मला मिटलं. "हे परत देऊन टाक."

निमिषनं मला वाचनालयाच्या भिंतीतल्या, पुस्तकं परत टाकायच्या फटीतून आत टाकलं. मी आतल्या पेटीत जाऊन आदळलो.

त्यानंतर सहा वर्षं मी पुन्हा मागच्या कपाटात. शेजारच्या लढाया तशाच जोरात. मला कोणी उघडलं नाही, त्यामुळे कार्ड जागच्या जागी राहिलं. रिकामं बसलं की माणसाला जुनं आठवतं म्हणतात, पुस्तकाचंही तसंच. मला शनिवार आठवायचे.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात कोणीतरी माझ्या पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारला. कोणी नेत नाही म्हणून वाचनालयानं मला काढून टाकलं होतं. दाराशी टेबलावर आम्हा रद्द मंडळींची रास लावली. लढायांना कपाटातच ठेवलं होतं, त्याचं दुःख मला नव्हतं असं नाही.

तिथं एका सहा वर्षांच्या मुलीनं मला उचललं. मुकुट बघून.

"आई, कॅन वी गेट धिस वन?"

मीनाक्षीच्या केसांत थोडं पांढरं दिसत होतं. हातात गाडीची किल्ली होती. तिनं मला उलटंसुलटं केलं, मग एकदम उघडलं, थेट विंडसरच्या पानावर. हळदीचा अंगठा तिथंच होता. तिनं त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. अनिकाला तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, मला छातीशी धरून ती पैसे द्यायला गेली.

घरी राजारामपंत आलेले होते. पहिल्यांदाच अमेरिकेत. शनिवार होता. मागच्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. मीनाक्षीनं कार्ड काढून हातात धरलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. पूर्वीसारखंच, मनात इंग्रजी आणि तोंडानं मराठी. राणी चौतीस वर्षांची असताना गेली. तिची तिन्ही मुलं तिच्यामागं काही वर्षांतच गेली. विंडसरला जन्मलेली ती मुलगीसुद्धा, परक्या देशात, स्वतःच्या बाळंतपणात. राणीची आई मात्र पुढे सोळा वर्षं जगली.

अनिका आजोबांच्या खुर्चीच्या दांडीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "बट हू टोल्ड हर मॉम?"

तिच्या आईला कोणी सांगितलं? माझ्या इतक्या पानांत ते कुठंही लिहिलेलं नाही.

राजारामपंतांना प्रश्न कळला होता. "सांगितलं असेल कुणीतरी," ते म्हणाले. "ज्यानं सांगितलं असेल, त्याची दया येते." मग मीनाक्षीला म्हणाले, "तुझे सगळे निरोप मी तिच्या फोटोपुढं बसून सांगत होतो गं. विंडसरचासुद्धा."

मीनाक्षीनं मला मिटलं. समोर एक खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे बघत म्हणाली, "आई, शेवट चांगला नव्हता गं. मी खोटं सांगितलं."

"तिला कळलं होतं," राजारामपंत म्हणाले. "तू सांगितलंस त्याच रात्री म्हणाली मला, मिनू चांगला म्हणते, म्हणजे वाईट असणार. तिचा आवाज मला कळत नाही का? पण सांगू नका तिला. तिला वाटू दे, मला फसवलं."

तेव्हा मीनाक्षी रडली, सहा वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तशी.

आता मी त्यांच्या घरी, पाककृतींच्या पुस्तकाशेजारी असतो. पाठ ढिली झालीय, पानं पिवळी पडलीत, कपाळावर 'रद्द'चा शिक्का आहे. वाचकहो, एवढंच मागणं आहे. कुणाला शनिवारी फोन करत असाल, तर गोष्ट शेवटपर्यंत सांगा. वाईट असली तरी सांगा. पलीकडच्या माणसाला ती बहुतेक कळलेलीच असते, आणि ते तिथं एकटंच ती धरून बसलेलं असतं.