न चाखलेली खिचडी

मंगळवार, दुपारचा एक वाजून दहा मिनिटे. माझा फटका चौथीतल्या राणीच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांत आधी मी ऐकला.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पळी आहे, दीड हात दांड्याची. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात एका लोहाराने मला घडवले. तिथून जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आले आणि अकरा वर्षे दुपारची खिचडी ढवळली. स्वयंपाक करणारी केशरबाई मला राखेने घासायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

खिचडी शिजली की शिक्षकाने आधी ती चाखायची, वहीत चव लिहून सही करायची, मगच मुलांना वाढायची, असा नियम होता. सीमाबाई शिकवायला होत्या तेव्हा त्या चाखून थांबत नसत. ताट घेऊन मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसत आणि मेथी घातली असेल तर आधी स्वतःच्या ताटात मागून घेत. त्यांच्याकडे बघून पोरे शेपूसुद्धा खात. रोज मला पातेले खरवडावे लागे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि संतराम सर आले. सरांच्या गालात सकाळपासून गुटखा. भरल्या तोंडाने चाखणार काय? सोमवारीच ते आठवडाभराची 'चव उत्तम' लिहून टाकत. दुपारी चूळ भरून, मुलांसमोरच टेबलावर हॉटेलातली भजी खात. हळूहळू ताटे अर्धी परत येऊ लागली, शेळ्यांचे फावले. मुलांच्या खिशात चटपटीत पुड्या आल्या, मग सुपारी आली. गेल्या महिन्यात आयुषकडे सुपारी सापडली, तेव्हा सरांनी केशरबाईच्या हातून मला हिसकावले आणि त्याच्या पाठीवर सहा वेळा हाणले. मारताना त्यांच्या तोंडातली लाल थुंकी त्याच्या सदऱ्यावर उडत होती. त्याआधी मी कुणाला मारले नव्हते. त्या दिवशी केशरबाईने मला तीनदा घासले.

मंगळवारी झाकण काढताच तेलाचा खवट वास आला.

"सर, वास येऊन राहिला. एकडाव चाखून तर बघा," केशरबाई म्हणाली.

सरांनी गाल सांभाळत हातानेच खूण केली, वाढ.

राणीने ताट पालथे घातले. "सर, तुमी खाल्ल्याबिगर आमी न्हाई खात."

सर खिडकीतून थुंकून आले. "काहून गं? लई शहाणी झालीस?"

"राणे, सरांच्या तोंडात जागाच न्हाई," मागच्या रांगेतला मुंजाजी म्हणाला. "आत दुसरंच शिजून राहिलं!"

पंगत खदखदून हसली. एकामागून एक ताटे पालथी झाली.

सरांनी मला पातेल्यातून उपसले. पहिला फटका ताटावर बसला, दुसरा राणीच्या मनगटावर. माझ्या वाटीतली कढत खिचडी तिच्या मानेवर सांडली. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा केशरबाईने माझा दांडा धरला.

"लेकराला मारतोस व्हय रे, मुडद्या!"

तिने मला ओढून घेतले आणि मी सरांच्या कपाळावर आदळले. ओढाताणीत की मुद्दाम, हे मलाही सांगता येणार नाही. रक्त माझ्या वाटीत ठिबकले.

आता मी पोलीस ठाण्यात, चिठ्ठी लावलेल्या पिशवीत आहे. सरांना पाच टाके पडले. गुन्हा त्यांच्यावर आहे, तसा केशरबाईवरही आहे.

मित्रांनो, मी गंजले तरी चालेल. पण मोठ्या माणसाने 'खा' म्हटले, तर तो स्वतः काय खातो ते बघा. आणि गुरुजनहो, लेकरे आधी तुमचे तोंड बघतात, मग ताट.

राणी हिंगोलीच्या दवाखान्यात आहे. हवालदार सांगत होते, काल संध्याकाळी डॉक्टरांनी तिला मूठ मिटायला सांगितली. तीन बोटे मिटली. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट हलले नाहीत. त्या दोन बोटांबद्दल डॉक्टर अजून काही बोललेले नाहीत.