सीलमधलं सोयाबीन

विज्ञानाची आणि वकिलीची पोरं एका बाकावर बसवणारा नवा अभ्यासक्रम यवतमाळात सुरू झाला, आणि बीएस्सीच्या निकिताला मूठभर मांस चढलं. आज तर वर्गातलं कोर्ट खोटं असलं तरी तक्रार खरी होती. आर्णीच्या तिच्या मारोतमामांचं सोयाबीन पेरूनही नीट उगवलं नव्हतं आणि पुढच्या आठवड्यात ते ग्राहक आयोगात जाणार होते. प्रकरण इथे टिकलं तर तिथे टिकेल, म्हणून मामा स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले होते.

मामांचा वकील संघर्ष, तज्ज्ञ साक्षीदार निकिता. थैलीत उरलेल्या बियाण्यातलं थोडं संघर्षने दोन पंचांसमोर प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर लाखेचं सील ठोकलं होतं. त्या सीलचा त्याला असा अभिमान, की जणू लाख त्यानेच शोधून काढली. निकिताने मात्र सवयीने त्याच थैलीतलं मूठभर बी रुमालात बांधून आणलं होतं. दोन्ही नमुने तिने ओल्या कागदात गुंडाळून उगवायला ठेवले होते.

"सीलबंद नमुन्याची उगवण किती?" संघर्षने विचारलं.

"शून्य."

मामा खुशीत मांडी थोपटू लागले. निकिताने आता तोंड मिटलं असतं, तर बाजी मारलीच होती. पण खरं पोटात राहीना.

"ते बी आपणच मारलं," ती म्हणाली. "हवाबंद पिशवी दुपारभर उन्हात, गाडीच्या डिक्कीत होती. रुमालातलं शंभरात चाळीस उगवलं. सत्तर तरी उगवायला हवं, म्हणजे बियाणं खराबच आहे."

"काहून बोलून राह्यली तू?" संघर्ष पुटपुटला.

कंपनीची वकील उर्वशी लगेच उठली. "रुमालाला सील होतं?"

"नाही."

"मग ते त्याच थैलीतलं, कशावरून?"



"सील आहे तिथे जीव नाही, जीव आहे तिथे सील नाही," न्यायाधीश झालेल्या संगीता मॅडम म्हणाल्या. "तक्रार फेटाळली."

निकिताला रडूच यायला हवं होतं. पण डोकं भन्नाट पळत होतं. "कापडी पिशवी घ्यायची, अन् सावलीत ठेवायची," ती संघर्षला म्हणाली.

"तीन भाग करू, तिन्हीले सील," तो म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

उर्वशीही खुर्ची ओढून आली. "एक भाग कंपनीले द्या, नाही तं मी पुन्हा उडवीन."

एवढ्यात मामा समोर येऊन उभे राहिले. निकिताने मान खाली घातली. "मामा, हारलो आपण."

"इथंच हारलो नं, पोरी," मामा म्हणाले. "थैलीत अजून बी हाय. उद्या या आर्णीले. अन् जिनं आपल्याले हारवलं, त्या कंपनीवाल्या पोरीले पयले संगं घ्या."