आडापासून घाण्यापर्यंतची बोट

आमचा अण्णा ज्या बोटीवर आगवाला होता ती बोट कार्तिकात बुडाली आणि अण्णा तिच्याबरोबर गेला. हे वाक्य झालं. आता ते तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण आमच्या घरातही ते अजून कुणी वाचलेलं नाही.

तर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ शिवयोगी, गिरणीत बॉयलरवर होता. सोलापुरात राहून समुद्राचा नाद लागणं अवघड, पण त्यानं ते जमवलं. लग्नाला सात महिने झाले असताना मुंबईला गेला आणि साहेबाच्या लढाऊ बोटीवर भट्टी सांभाळायला लागला. वर्षभरात, एकोणचाळीस साली, लढाई जुंपली.

बोट लहानच. असल्या तीनच बोटी सरकारनं एका साच्यातून काढलेल्या. मालाच्या जहाजांच्या कळपाभोवती धनगराच्या कुत्र्यासारखं फिरत राहायचं आणि पाण्याखालून कोण येतंय ते हुंगायचं, एवढंच त्यांचं काम. तिघी सख्ख्या बहिणी दिसतात, असं अण्णानं लिहिलं होतं. त्यावर वैनी म्हणाली की सवत एक असती तरी चाललं असतं.

लढाईतल्या पत्रांना कात्री लागायची. बोटीचं नाव कापलेलं, बंदराचं कापलेलं, तारीख कापलेली. एका पत्रात नमस्कारानंतर थेट खिडकीच होती, तिच्यातून समोर बसलेली आमची अव्वा, म्हणजे आई, दिसायची. पण कापणाऱ्याला आमची गल्ली माहीत नव्हती, म्हणून एक ओळ कात्रीतून वाचली. ‘आमची बोट आपल्या आडापासून चनबसप्पाच्या तेलघाण्यापर्यंत, आणि माझी भट्टी गोजरबाईच्या दारात.’ लढाईतलं एवढं मोठं गुपित सोलापुरात फुटलं आणि जर्मनांना पत्ता नाही.

त्या दिवसापासून वैनी, म्हणजे चंद्रव्वा, बोटीवर राहायला गेली. सकाळी आडावर घागर भरायची, ते बोटीचं नाक. तिथून घाण्यापर्यंत चालत जायची आणि परत यायची. तेल नको असायचं. मध्ये गोजरबाईच्या दारात थांबायची. गोजरबाईनं आठ दिवस विचारलं, काय पाहिजे. मग विचारणं सोडलं आणि एक पाट टाकून ठेवला. थंडीचे दिवस होते, तरी वैनी तिथं बसून म्हणायची, हितं लई उकडतंय. गोजरबाई पदरानं वारा घालायची.

मग कचेरीतून इंग्रजी कागद आला. मी मॅट्रिक नापास, म्हणून घरातला इंग्रजीचा जाणकार. मी वाचला आणि सांगितलं की साहेबानं खुशाली कळवलीय आणि वैनीला कचेरीत बोलावलंय. त्यातलं अर्धं खरं होतं.

कचेरीत महिपतराव म्हणून कारकून होते. त्यांनी वैनीला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि काय झालं ते सांगून टाकलं. वैनी पाणी प्याली. मग ते म्हणाले की फॉर्म भरायला वारसानं स्वतःच्या तोंडानं दोन नावं सांगायची असतात, बोटीचं आणि नवऱ्याचं. बोटीचं नाव त्यांच्या कागदावरही नव्हतं, ते गुप्त होतं. तेव्हा ते सोडून देऊ, नवऱ्याचं सांगा, असं ठरलं. मी तोंड उघडलं तर मला म्हणाले, तुम्ही वारस नाही.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर हळदीकुंकवाला, चार जणींनी दार अडवल्यावर, उखाण्यात गुंडाळून.

“बाई, सरकारी काम आहे. एकदाच घ्या.”

“हितं हळदीकुंकू हाय का?” वैनीनं विचारलं.

“नाही.”

“मग नाव न्हाय.”

महिपतरावांनी समजावलं. नाव नाही तर फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर इसम मयत लागत नाही.

“मग आता कुटं हायत म्हणून लागलंय?”

महिपतरावांनी वही उघडून बघितली. “बोटीवर.”

“आन् बोट कुटं हाय?”

“ते गुप्त आहे.”

वैनी उठली. काम झाल्यासारखी.

येताना ती सिद्धेश्वर तलावाकडं वळली. मला विचारलं, “भावजी, आडापासनं घाण्यापतूर किती पावलं?” मला माहीत नव्हतं. तिला होतं. एकशे बारा. काठाकाठानं तिनं एकशे बारा पावलं टाकली आणि तलाव पुढंही उरला.

“बसती की,” ती म्हणाली.

मग तिथंच पायरीवर बसली आणि पाण्याकडं बघून तिनं नाव घेतलं. नुसतं नाव, उखाणा नाही. मी पलीकडं धुणं धुणाऱ्या बाईकडं बघत राहिलो, कारण ती हाक मला नव्हती.

घरी आल्यावर तिनं मला अर्ज लिहायला बसवलं. नावाआधी ‘सौ.’ मोठ्या अक्षरात काढायला लावलं. बाकीची भाषा माझी, मागणी तिची:

‘मेहेरबान सरकार यांस. अर्जदार सौ. चंद्रव्वा, राहणार सोलापूर. विनंतीअर्ज ऐसाजे: सदरहू जातीच्या तीन बोटींपैकी जी सध्या गुप्त आहे ती लढाईतून आठ दिवस मोकळी करून, मार्गे कुर्डुवाडी, गड्ड्याच्या जत्रेपूर्वी सिद्धेश्वर तलावात पाठविण्यात यावी. लांबी मोजून पाहिली आहे, बसते. भट्टी पेटती ठेवूनच पाठवावी व भट्टीवरील इसम बदलू नये.’