दोन बोटांची जागा

रिंग आजही तिथंच होती — सायकलच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या चकचकीत नळीवर, वरच्या टोकापासून दोन बोटं खाली, काळी, बारीक, केसांच्या रबरासारखी... तिनं ती अंगठ्यानं उगाच जरा वर सरकवली आणि लगेच, कुणी पाहिलं असावं अशा घाईनं, परत जागेवर आणून ठेवली. दगडाधोंड्यांतून उतरताना नळीतलं धक्के झेलणारं सस्पेन्शन दबलं की ही रिंग वर ढकलली जायची आणि तिथंच राहायची. म्हणजे घरी आल्यावर नुसतं वाकून बघितलं की कळायचं, आज आपण किती छातीनं उतरलो. नवऱ्याची रिंग दर रविवारी अगदी टोकाला जाऊन बसलेली. हिची दोन बोटं खाली. वर्षानुवर्षं तीच दोन बोटं. ती जागा म्हणजे आपला भित्रेपणा, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर त्या भित्रेपणाशी तिचं तसं बरंही चाललं होतं. घरातलं दार कुरकुरतं, पण आवाज ओळखीचा झाला की कुणी तेल घालायला उठत नाही.

संध्याकाळी नणंद गाडी घेऊन येणार होती. आठवडाभर बर्फाच्या डोंगरांत राहायचं, रोपवेच्या पाळण्यात सायकल घालून वर जायचं आणि दिवसभर उतरत राहायचं — हा बेत मूळचा दोघा भावंडांचा, ही आपली त्यांच्यामागून. पण नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो बाद झाला. "वहिनी, तू तरी चल गं. दादाच्या शेपटाला बांधूनच जन्म काढणार का?" नणंद म्हणाली होती. हिनं ‘बघू’ म्हटलं आणि मनात उत्तर तयार करून ठेवलं: सायकल ने, तुझ्या त्या मैत्रिणीला होईल, उंची सारखीच आहे, मला काही रजा मिळत नाही. रजा मिळाली होती. दवाखान्यात रोज लोकांच्या दंडाला पट्टा आवळून, ‘तिकडे बघा, मुंगी चावल्यासारखं होईल,’ असं सांगत रक्त काढणारी बाई — तिथं सगळे म्हणायचे, हिच्या हाताला भीती म्हणून ठाऊक नाही. हाताला नसेल. बाकीच्या मला आहे ना...

"नुसती हवा भर," नवरा बाहेरच्या खोलीतून, पाय स्टुलावर ठेवून, सकाळपासून हुकूम सोडत होता. "वरचं टोपण उघडू नकोस." आणि जरा वेळानं परत, "टोपणाला हात लावायचं काही कारणच नाही हं!"

कारण होतं. सस्पेन्शन हवेवर चालायचं, आणि नळीत भरलेली हवा सकाळपर्यंत उतरत होती, म्हणजे टोपणाखालचं रबर गेलं होतं. आणि आपण जाणार नसलो तरी डोंगरात जाणारी सायकल धड नको का जायला? उद्या त्या मैत्रिणीनं तोंड फोडून घेतलं तर? तिनं आधी सगळी हवा सोडली, मग पान्यानं टोपण सैल केलं, हातानं फिरवलं, वर उचललं — आणि टोपणाबरोबर आतून आणखी काहीतरी वर आलं. निळ्या प्लास्टिकच्या जाड चकत्या, एकीत एक अडकवलेल्या. एक नाही, तीन.

चकत्या कशासाठी असतात हे तिला माहीत होतं, त्यानंच कधीतरी स्वतःच्या सायकलवर दाखवलं होतं. आत त्या हवेची जागा खातात. मग दाबत नेलं की उरलेली हवा शेवटीशेवटी घट्ट होत जाते आणि सस्पेन्शन टोकाला जाऊन आदळत नाही. त्याच्यासारख्या धिप्पाड, दणादण उड्या मारणाऱ्या गड्याला एक पुरायची. तीन घातल्यावर हिच्या वजनाच्या बाईनं गच्चीवरून उडी मारली असती तरी रिंग टोकाला गेली नसती.

म्हणजे ती दोन बोटं...

काही वर्षांपूर्वी नाल्याच्या उतारावर ती पडली होती. पडल्याचं काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की स्वतःची नवीकोरी सायकल काट्यांत भिरकावून तो धावत आला होता आणि त्याच्या ओठांना रंगच नव्हता. "काही नाही, काही नाही," म्हणत होता, तिला की स्वतःला कोण जाणे. हाताचं प्लास्टर निघालं त्या रविवारी तो याच खोलीत दार लावून बसला होता — तुझी सायकल नव्यासारखी करून देतो म्हणे. किती कौतुक वाटलं होतं मला. चहा नेऊन दिला होता. दोनदा.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याचा अर्धा जन्म लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात गेला, जिथं तळाशी मोठाल्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात — वरचं सगळं फसलं तर शेवटचा आधार म्हणून. तिला पहिल्यांदा भेटला तेव्हाही तो त्या स्प्रिंगांबद्दलच बोलत राहिला होता. दुसरी कुणी असती तर चहा अर्धा टाकून उठली असती. असा माणूस, घराचं कुलूप तीनतीनदा ओढून बघणारा, दुसरं काय करणार? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं तोंड पोळलं तिचं, आणि फुंकत बसला हा.

राग आला, चांगलाच आला. दर रविवारी मी वाकून रिंग बघायची, तू शेजारी उभा राहून ‘छान चालवलीस’ म्हणायचास, आणि मी मनातल्या मनात स्वतःला भित्री भागूबाई म्हणत पाय धुवायला जायची... आणि त्या रागाच्या पोटात, खोटं कशाला बोला, मायाच होती. दार लावून, घाम पुसत, चोरून चकत्या अडकवणारा तो तिला दिसला आणि हसू आवरेना. मग हसूही ओसरलं. आता भित्रेपणाचा पुरावाच खोटा निघाला म्हटल्यावर संध्याकाळी नाही म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

"टोपण उघडलंस का गं?" बाहेरून आवाज आला. चोराच्या मनात चांदणं.

"रबर बदलतेय."

 

तिनं दोन चकत्या काढून फडक्यावर ठेवल्या. तिसरी काढता काढता तिचं बोट थांबलं. ती राहू दिली — का, ते तिला धड सांगता आलं नसतं. नवं रबर बसवलं, टोपण आवळलं, पंप लावला, आणि मग हात परत थबकला. कारण हवा भरायची ती चालवणाऱ्याच्या वजनावर. त्या मैत्रिणीचं वजन नणंदेनं फोनवर सांगून ठेवलं होतं.  मग आत जाऊन हेल्मेट घालून आली, गुडघ्यांना पॅड बांधले, पाण्याची पिशवी पाठीला लावली — सायकलवर बसून नळी किती दबते त्यावरून वजन बघायचं, तेही सगळ्या सामानासकट — आणि हाक मारली, "जरा येतोस? सायकल धरायला."

तो काठी टेकत आला. फडक्यावरच्या चकत्या त्यानं पाहिल्या, तिच्या डोक्यावरचं हेल्मेट पाहिलं, आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखा भिंतीकडे बघत म्हणाला, "वजन त्या मैत्रिणीचं धरायचं ना?"

"माझं बघ."

काठी भिंतीला टेकवून त्यानं हँडल दोन्ही हातांनी धरलं. ती सीटवर बसली, दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर.

"एक आत ठेवलीस," तो म्हणाला.

"राहू दे."

"सांगणार होतो मी तुला."

"केव्हा?"

"गुडघा बरा झाल्यावर. म्हणजे पळता आलं असतं."

ती खदखदून हसली, सायकल डुगडुगली, आणि त्याची मूठ एकदम घट्ट झाली. हँडलमधून एक बारीक थरथर तिच्या तळव्यांत येत होती. इतकी वर्षं अशी थरथर जाणवली की ती आपलीच, असं ती धरून चालली होती... तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते स्थिर होते. त्याचे नव्हते.

बाहेर नणंदेच्या गाडीचा हॉर्न वाजला, तिच्या स्वभावासारखाच, दम न धरता. तो हँडल सोडेना. मग एका हातानं तसंच धरून, दुखऱ्या पायावर कण्हत तो खाली वाकला आणि ती काळी रिंग त्यानं सरकवत सरकवत नळीच्या अगदी तळाशी, शून्यावर आणून ठेवली.

पोटात भीती होतीच, नेहमीच्या जागी. पण ती दोन बोटं होती, की त्याहून जास्त, की कमी — ते तिला आता माहीत नव्हतं. तिची तिनं अजून मोजलीच नव्हती.

"सोड," ती हळूच म्हणाली.