कोलाची फाक आणि यंत्राची मूठ

अकिनवालेला अबोसेदेचं काहीच बघवत नव्हतं. इबादानच्या त्या प्रयोगशाळेत तो टक्कल पडेस्तोवर घासला, आणि कौतुक कुणाचं? या कालच्या पोरीचं!

इया अदुनी, म्हणजे अदुनीची आई, चौकात अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळून विकायची. अर्धांगाने तिचा उजवा हात गेला. डोक्यावर टोपी घालून मेंदूच्या लहरी टिपायच्या, त्यांतून ‘मूठ मिटायचीय’ एवढीच खूण वेचायची आणि इयाच्या मनगटावरच्या यंत्राच्या हाताला द्यायची, हे काम. दोघांनी खूण वेचायच्या दोन पद्धती बांधल्या होत्या. राहणार एकच, आणि अबोसेदेची पुढे होती.

ही बया आधी इयाच्या वेण्या घालायची, टोपीच्या तारा टेकतात तिथे टाळू उघडी राहील अशा. अकिनवाले दाट केसांवर तशीच टोपी दाबून वर लेप थापायचा.

“शास्त्रज्ञ आहेस की वेणीवाली?”

“बसा ना दादा, तुमचीही घालते. पण धरू कुठे?”

सगळे हसले. इयासुद्धा. तेच त्याला झोंबलं.

म्हातारी मुठीचा विचार करताना दात आवळते, हे त्याने हेरलं होतं. म्हणजे जबड्याची खळबळ मेंदूची म्हणून खपवतेय ही अबोसेदे सटवी! निवडीच्या दिवशी त्याने सर्वांदेखत इयापुढे कोलाची बी ठेवली, सुपारीसारखी मानाने देतात ती.

“चावा, इया. मुठीचा विचारच करू नका. बघू कुणाचा हात नाचतो!”

“मान म्हणून देतोस की सूड म्हणून?” असं म्हणत इयाने एक फाक तोंडात टाकली.

अबोसेदेची पद्धत लावली. इया चावत राहिली, हात गप्प. मूठ मिटायचा विचार केला, तेव्हाच मिटला.

मग त्याची लावली. चावलं की मूठ मिटे, थांबलं की उघडे. भुकेला खेकडा जसा. दाट केसांतून लहर कधी धड आलीच नव्हती. आला तो जबडा, आणि या शहाण्याने तोच वेचून ठेवला होता.

“अबोसेदेची ठेवा,” प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर ओगुन्देले एवढंच म्हणाले.

पुन्हा तिची पद्धत लागली. इयाने यंत्राच्या बोटांत उरलेली फाक उचलली आणि अकिनवालेपुढे धरली.

“घे रे बाळा. आणलीस तूच.”

वडीलधाऱ्याने दिलेला कोला नाकारायचा नसतो. त्याने वाकून दोन्ही हातांनी घेतला, चावला. कडू जहर. अबोसेदे त्याच्याकडे बघतही नव्हती. इयाची सुटलेली वेणी घालत होती. त्याला तेही बघवेना.