डार्लीनची पाच मिनिटं

चौतीस वर्षं अँब्रोज किओने पोर्ट हॅलोरनमध्ये टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर गावच्या साप्ताहिकात सदर लिहायला घेतलं. सदराचं नाव ‘दारोदार’. दर गुरुवारी तो त्यात कोणाला ना कोणाला धारेवर धरायचा. ओटावातलं केंद्र सरकार, हॅलिफॅक्समधलं प्रांताचं सरकार, दवाखान्यातल्या रांगा, मासळीच्या कारखान्याने परदेशातून आणलेल्या कामगारांना दिलेली खुराडी, काही म्हणून सुटायचं नाही. गावातले निम्मे लोक त्याला कॉम्रेड म्हणायचे. उरलेले निम्मे सदर वाचायचेच नाहीत.

त्या नोव्हेंबरात त्याचा विषय एकच होता, नदीकाठचे तंबू. जुन्या बर्फघराच्या मागे नगरपालिकेच्या जागेवर बारा माणसं राहत होती. बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या बंद पडलेल्या क्लबचा हॉल हिवाळ्यापुरता त्यांना उघडून द्यावा, असा ठराव मंगळवारच्या सभेपुढे येणार होता. ठराव पडला तर एक डिसेंबरला तंबू उचलायचे. नगरपालिकेच्या सात सभासदांत तीन हॉलच्या बाजूचे, तीन विरुद्ध, आणि महापौरबाई लोइस क्रॉवेल तळ्यात-मळ्यात. सभेत गावकऱ्याला पाच मिनिटं बोलता यायचं. ती पाच मिनिटं आपण गाजवायची असं अँब्रोजने ठरवलं होतं.

शनिवारी तो कॉफीचे दोन कप घेऊन नदीवर गेला आणि लिहिलेलं भाषण त्याने डार्लीन पॉथियेला वाचून दाखवलं. भाषण तिच्यावरच होतं. डार्लीनने एकोणीस वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा केली होती. ती भाड्याने राहायची ती इमारत विकली गेली, नव्या मालकाने दुरुस्तीच्या नावाखाली सगळ्यांना बाहेर काढलं, आणि दुरुस्तीनंतरचं भाडं तिच्या आवाक्याबाहेर गेलं. आधी ती गाडीत राहिली. गाडी गेल्यावर तंबूत आली.

“छान लिहिलंय हो,” डार्लीन म्हणाली. “पण यात मी फार रडते.”

“ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडायला नको?”

“मी एवढी रडत नाही, अँब्रोज. मी बोलते. मलाच बोलू द्या ना.”

अँब्रोजला जरा लागलं. भाषणावर त्याने दोन दिवस घालवले होते. पण माणूस मनाचा कोता नव्हता. कागदाची घडी घालून खिशात ठेवत तो म्हणाला, “बरं. तूच बोल.”

सोमवारी दुपारी बाराच्या आत नाव नोंदवायला लागायचं. तो डार्लीनचा फॉर्म घेऊन नगरपालिकेत गेला. तिथली चिटणीस थेल्मा निकर्सन त्याच्याच वर्गातली, शाळेपासून त्याला ओळखून असलेली. तिने फॉर्म वाचला आणि परत सरकवला.

“घरनंबर कुठाय?”

“तंबूला नंबर नसतो, थेल्मा.”

“मग बोलता येणार नाही.”

“म्हणजे ज्यांना घर नाही, त्यांनी घर नाही म्हणून सांगायलाही यायचं नाही?”

“माझ्यावर कशाला ओरडतोस? नियम मी केलाय का? हॅलिफॅक्सचे ठेकेदार येऊन आमचं डोकं खायचे, म्हणून केलाय. गावातलाच माणूस हवा, आणि एका घरनंबराला एकच माणूस.”

अँब्रोजने पेन काढलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, ‘२६, चॅपल स्ट्रीट’. थेल्माने चष्म्यावरून पाहिलं.

“हे तुझं घर.”

“ठाऊक आहे. चौतीस वर्षं या गावातले पत्ते वाचलेत मी.”

“मग तुला स्वतःला बोलता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

थेल्माने खांदे उडवले आणि शिक्का मारला. अँब्रोज शीळ घालत पायऱ्या उतरला. आयुष्यभर टपाल वाटलेल्या माणसाला एक गोष्ट मनापासून खरी वाटते, की पत्ता असला म्हणजे माणसाचं अडत नाही. डार्लीनला त्याने तसंच सांगितलं.

“कोणाचा पत्ता घातलात?” तिने विचारलं.

“माझा.”

ती म्हणाली, “आणि कोणी विचारलं तर?”

“कोण विचारतंय!”

मंगळवारी संध्याकाळी सहाला सभा भरली. रिवाजाप्रमाणे महापौरबाईंनी आधी निवेदन वाचलं, की ही भूमी इथल्या मूळच्या मिकमॉ लोकांची आहे, त्यांनी ती कधीही कोणाला दिलेली नाही, आणि आपण तिच्यावर कृतज्ञतेने राहतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग त्या भूमीवरून कोणाला उठवायचं, हा विषय पुकारला गेला. यात विचित्र काही आहे असं कोणाला वाटलं नाही. सवयीचा भाग आहे.

डार्लीन उभी राहिली. टेबलावरचा, वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला. तिच्या हातात कागद नव्हता.

“रात्री तंबूत पाण्याची बाटली गोठते,” ती म्हणाली. “मी ती कुशीत घेऊन झोपते, कारण सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायला पाणी लागतं. आमच्यातल्या सात जणांकडे नोकरी आहे. ओलं जॅकेट घालून कामावर जावं लागतं, म्हणून आणखी दोघांची गेली. मी काही परकी नाही. या खोलीतल्या चार जणांच्या आईवडलांना मी अंघोळ घातलीय. गार्नेट, तुमच्या आईला पाणी कोमट लागायचं, गरम चालायचं नाही. आम्ही आत्ता घरं मागत नाही. हिवाळ्यापुरतं छप्पर, एक संडास, आणि आतून लागणारी कडी. हॉलमध्ये हे तिन्ही आहे आणि तो कुलपात आहे. एवढंच सांगायचं होतं.”

वेळ संपत आल्याचा पिवळा दिवाही लागला नव्हता. लोइस क्रॉवेलने चष्मा काढून पुसला, आणि अँब्रोज बाकावर पुढे सरकून बसला. बाई आपल्या बाजूला आली होती. त्याच्या भाषणाने ती आली नसती, हे त्याला कबूल करावंच लागलं.

तेवढ्यात सभासदांतल्या गार्नेट स्विमने हात वर केला. गार्नेट ठरावाच्या विरुद्ध होता, आणि आईचं नाव निघाल्यापासून त्याचे कान लाल झाले होते. तरी आवाज त्याने गोड ठेवला.

“डार्लीन, आईसाठी तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. पण हा फॉर्म म्हणतो की तू चॅपल स्ट्रीटवर सव्वीस नंबरात राहतेस. ते तर कॉम्रेडचं घर. तू तिथे राहत असशील तर आम्हाला आनंदच आहे. राहत नसशील तर फॉर्म खोटा आहे, आणि तुझं बोलणं नोंदीतून काढावं लागेल.”

महापौरांनी थेल्माकडे पाहिलं. थेल्माने अँब्रोजकडे न बघता मान डोलावली.

डार्लीन वळली आणि तिने अँब्रोजकडे पाहिलं. तिच्यामागोमाग सगळं सभागृह वळलं.

अँब्रोज उभा राहिला. त्याच्या घरात वर एक खोली होती. लेक दूर अल्बर्टाला गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, ती रिकामीच होती. त्या खोलीचा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता, असं नाही. आला होता, आणि प्रत्येक वेळी त्याने सदर लिहिलं होतं, सरकारने काय करायला हवं यावर. आता त्याला त्याची लाज वाटली. ‘नाही’ म्हणावं तर हिचा शब्दन् शब्द पुसला जाणार. आणि ‘हो’ म्हणायला, खोली तर होतीच.

“राहते,” तो म्हणाला. “आजपासून ती माझ्याकडे राहते.”

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर एक बाई रडायला लागली. लोइस क्रॉवेलच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता गार्नेट स्विम.

“याला म्हणतात आपलं गाव!” तो उभा राहून म्हणाला. “सरकार येईल, हॉल उघडेल, म्हणून वाट बघत बसायचं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला घरात घ्यायचं. कॉम्रेडने आज आपल्याला वाट दाखवली. मी सुचवतो, हॉलचा विषय मिटवावा. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांची यादी वाचनालयात लावावी. पहिलं नाव अँब्रोज किओचं.”

अँब्रोज ताडकन म्हणाला, “थांबा, मला असं म्हणायचं नव्हतं! एकाने एकाला घेतलं म्हणून—”

“मिस्टर किओ,” लोइस क्रॉवेल मऊ आवाजात म्हणाली, “बोलणाऱ्यांत तुमचं नाव नाही. आणि मन मोठं केलंत, आता वाद कशाला?”

बाईला हॉल नाकारायचं पाप नको होतं आणि हॉल चालवायचा व्यापही नको होता. दोन्हींतून सुटका अँब्रोजने तिच्या हातात आणून ठेवली होती. मतं पडली, हॉलविरुद्ध चार, बाजूने तीन. ठरावात अँब्रोजचे आभारही मानले गेले. दानधर्माने न्यायाची भूक भागत नाही, असं त्याने सदरात निदान तीनदा लिहिलं होतं, आणि आज त्याच्याच दानाने गावाचं पोट भरलं.

बाहेर कोट घालताना लोक त्याचा हात हातात घेत होते. गार्नेटने पाठ थोपटली. डार्लीन एकटीच दाराजवळ टोपी कानांवर ओढत उभी होती.

“गाडी बाहेरच आहे,” अँब्रोज म्हणाला. “खोलीत थोडा पसारा आहे. अर्ध्या तासात आवरतो.”

“किती खोल्या आहेत तुमच्याकडे?”

“रिकामी एकच.”

“आणि आम्ही बारा जण.”

“डार्लीन, मला दुसरं काही सुचलंच नाही गं.”

“ते दिसलं मला. तुमच्यावर रागावून मी थंडीत मरणार नाही, तेवढी वेडी नाही मी. येते तुमच्याकडे. पण आधी नदीवर चला. ते अकरा जण जागे बसलेत, माझी वाट बघत. त्यांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.”

बर्फघराच्या मागे पिंपात लाकडं पेटवून सगळे भोवती उभे होते. गाडीचे दिवे दिसताच त्यांनी वाट करून दिली. कोणीतरी डार्लीनच्या हातात गरम सूपचा पेला दिला.

“काय झालं?” एकाने विचारलं. “मिळाला हॉल?”

डार्लीनने सूपचा घोट घेतला आणि अँब्रोजकडे पाहत राहिली. लिहिताना त्याला शब्दांची कधी वाण पडली नव्हती. त्याने टोपी काढून हातात धरली.

“नाही,” तो म्हणाला. “हॉल नाही मिळाला. एक खोली मिळाली.”

“कोणाला?” मागून कोणीतरी विचारलं.